फोनने दिली वाट

मुलांनो, वर्गातील पृथ्वीचा गोल जवळ घ्या. त्यावर पुणे शोधा. पुण्याच्या थोडे खाली, दक्षिणेला, बोट ठेवा. तेथे कृष्णा नदीच्या काठी वाई हे गाव आहे. गोलावर त्याचे नाव छापलेले नसेल, पण गाव तेथेच आहे. आता ते बोट सरळ वर, उत्तर ध्रुवाकडे न्या. ध्रुव ओलांडा आणि पलीकडच्या बाजूने तसेच सरळ खाली उतरा. तुमचे बोट कॅनडा देशात येईल आणि सस्काटून नावाच्या शहराच्या अगदी जवळून जाईल.

सस्काटून हे सास्कॅचेवान प्रांतातील शहर आहे. ते दक्षिण सास्कॅचेवान नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. नदीवर इतके पूल आहेत की लोक त्याला पुलांचे शहर म्हणतात. तेथे एक रानफळ पिकते. ते करवंदाहून लहान आणि जांभळ्या रंगाचे असते. तेथील मूळच्या क्री लोकांच्या भाषेत या फळाचे जे नाव आहे, त्यावरूनच शहराला सस्काटून हे नाव पडले.

माझी बहीण तेथे राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेथील शाळेत पाचवीत शिकते. वाईच्या जुन्या वाड्यात तिची आजी राहते. वाई आणि सस्काटून पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना आहेत, त्यामुळे आपल्याकडे उजाडते तेव्हा तिकडे रात्र होत असते. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेअकरा तासांचा फरक आहे. आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेसात वाजले, की सस्काटूनला शनिवारी रात्रीचे आठ वाजतात.

जानेवारी २०२४ मधील अशाच एका रविवारची ही हकिकत आहे.

त्या दिवशी आजीची पंचाहत्तरी होती. आपल्याकडे पंचाहत्तरीला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतात. आम्ही पहाटे उठून कणकेचे दिवे केले. त्यांत तुपाच्या वाती लावल्या. ओसरीवर रांगोळी काढली, पाट मांडला. आजी नवे लुगडे नेसून पाटावर बसली. समोर स्टुलावर संगणक ठेवला होता. संगणकाच्या पडद्यावर सस्काटूनची मंडळी दिसत होती.

भाचीने एक बेत केला होता. आजीच्या लहानपणापासूनची पंचाहत्तर चित्रे आणि छायाचित्रे तिने आपल्या संगणकात ओळीने लावली होती. इकडे एकेक दिवा ओवाळायचा आणि तिकडून तिने एकेक चित्र दाखवायचे, असे ठरले होते. साडेसात वाजत आले. मी दिवे लावले. ताटात पंचाहत्तर ज्योती थरथरू लागल्या.

"आजी, पहिलं चित्र..." भाची म्हणाली, आणि पुढे शब्दच आला नाही. पडद्यावरचे तिचे तोंड उघडे राहिले, हात वरचा वरच राहिला. मग पडदा काळा झाला.

"काय झालं गं?" आजीने विचारले.

मिनिटभराने माझ्या फोनवर भाचीचा निरोप आला, "मावशी, आमचं इंटरनेट गेलं! थांबा!"

आम्ही थांबलो. पण दिवे कसे थांबणार? कणकेच्या दिव्यात तूप ते किती मावणार! मी म्हटले, "आई, ओवाळून घेऊ या का?" आजीने मान हलवली. "ती आल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

आता सस्काटूनला काय चालले होते ते पाहू. भाचीने ते मला नंतर सविस्तर लिहून कळवले.

त्यांच्या घरात बाहेरच्या रस्त्यावरून इंटरनेटची तार येते. ती एका लहान पेटीला जोडलेली आहे. या पेटीला राउटर म्हणतात. राउटर तारेतून आलेले इंटरनेट लहरींच्या रूपाने घरभर पसरवतो. या लहरींच्या योजनेला वायफाय असे नाव आहे. त्या रात्री राउटरवरचा हिरवा दिवा गेला आणि तांबडा दिवा लागला. म्हणजे राउटर ठीक होता, पण बाहेरून येणारी तार कोठेतरी निकामी झाली होती. बाहेर उणे तीस अंशांची थंडी होती. रात्रीच्या वेळी तार दुरुस्त करायला कोण येणार?

भाचीच्या मनात एक प्रश्न आला. तो तुमच्याही मनात आला असेल. घरचे इंटरनेट गेले, तर तिच्या बाबांच्या फोनवरून मला निरोप कसा आला?

त्याचे उत्तर असे आहे. घरात असताना फोन राउटरकडून इंटरनेट घेतो. राउटरकडचे बंद झाले, की तो आपली दुसरी वाट धरतो. ही वाट मोबाइलच्या मनोऱ्याकडे जाते. गावात उंच लोखंडी मनोरे तुम्ही पाहिले असतील. शहरात ते इमारतींच्या गच्चीवरही असतात. फोन या मनोऱ्याशी रेडिओ लहरींनी बोलतो. बोलणे, निरोप, चित्रे सारे काही त्याच लहरींवरून जाते. भाचीच्या संगणकाला मात्र मनोऱ्याशी बोलता येत नाही. त्याच्याजवळ मोबाइलचे सिमकार्ड नसते, आणि मनोऱ्याच्या लहरी घेणारे यंत्रही नसते. त्याला येते ते फक्त वायफाय.

फोनला मात्र दोन्ही येतात! तो मनोऱ्याशीही बोलतो आणि वायफायवरही बोलतो. तेव्हा बाबा म्हणाले, "थांब, आपण फोनलाच राउटर करू."

याला हॉटस्पॉट सुरू करणे म्हणतात. बाबांनी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन हॉटस्पॉटचे बटण चालू केले. फोनने लगेच आपल्या वायफायच्या लहरी पसरायला सुरुवात केली. भाचीने संगणकावर वायफायची यादी उघडली. त्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची नावे होती. त्यांतच बाबांच्या फोनचे नाव दिसू लागले. तिने त्यावर टिचकी मारली. संगणकाने पासवर्ड विचारला. बाबांनी तो सांगितला, तिने घाईघाईने टाइप केला, आणि संगणक म्हणाला, चुकला! इंग्रजी अक्षरांत मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते, हे ती गडबडीत विसरली होती. दुसऱ्या वेळी तिने एकेक अक्षर पाहून टाइप केले. संगणक फोनला जोडला गेला.

एवढे झाल्यावर आजी दिसायला हवी होती. पण पडदा हालेना. वायफायची खूण तर पूर्ण भरलेली होती!

येथे पुष्कळ मोठी माणसेही फसतात, म्हणून थोडे थांबून नीट समजून घेऊ. संगणकावर दिसणारी वायफायची खूण फक्त एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे संगणक आणि फोन यांच्यामधल्या लहरी चांगल्या आहेत. फोन आणि मनोरा यांच्यामधले ती काहीच सांगत नाही. घरात नळ नवा कोरा असेल, पण टाकीतच पाणी नसेल, तर नळ सोडून काय उपयोग? फोन आणि मनोरा यांचे कसे चालले आहे हे पाहायचे असेल, तर फोनवरच्या उभ्या दांड्या पाहाव्या लागतात. बाबांनी पाहिले. चार दांड्यांपैकी एकच भरलेली होती.

याचे कारण भाचीलाच सुचले. सस्काटूनच्या बहुतेक घरांना तळघर असते. भाचीचे टेबल, संगणक, पुस्तके सारे तळघरात होते. जमिनीखाली, काँक्रीटच्या भिंतींमध्ये, मनोऱ्याच्या लहरी कशाबशा पोहोचत होत्या. "बाबा, वर चला!" ती म्हणाली. तिने संगणक उचलला, बाबांनी फोन उचलला, बहिणीने चार्जर घेतला. सगळी वरात जिना चढून वरच्या खोलीत आली. फोन खिडकीजवळ ठेवला. पहिली दांडी, दुसरी दांडी, तिसरी दांडी...

आणि इकडे वाईला आमच्या पडद्यावर भाचीचा चेहरा उमटला. तिला धाप लागली होती.

"आजी, दिवे आहेत का अजून?"

कडेचे चार दिवे विझले होते. आजीने ते माझ्याकडून पुन्हा लावून घेतले आणि मग म्हणाली, "हं, दाखव आता."

ओवाळणे नीट पार पडले. आता हे सारे घडले कसे, ते पाहू या.

आधी अंतराचा विचार करा. गोलावर बोटाने सरळ रेघ ओढली तर वाई ते सस्काटून हे अंतर सुमारे बारा हजार किलोमीटर भरते. इंटरनेट मात्र अशा सरळ रेघेने जात नाही. ते जमिनीखालून आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून वळणे घेत जाते. या तारांमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाश लखलखत धावतो. अशा काही तारा मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागतात. तेथून पुढे देशभर वाटा फुटतात. त्या रात्री हा सगळा हजारो किलोमीटरचा मार्ग चालू होता. तुटला होता तो शेवटचा तुकडा, रस्त्यापासून घरातल्या पेटीपर्यंतचा. हॉटस्पॉटने तेवढाच तुकडा जोडून दिला. फोनने इंटरनेट तयार केले नाही, नुसती वाट दिली.

मग एक कोडे उरते. एका फोनवर बाबांचा निरोप येतो, त्याच फोनमधून संगणकाची चित्रेही जातात. आणखी दोन संगणक जोडले, तर त्यांचेही चालते. कोणाचे काय हे फोनला कसे कळते?

यासाठी आपल्या वाईच्या वाड्याकडेच पाहू. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहत असत. बाहेरच्या जगासाठी साऱ्या वाड्याचा पत्ता एकच असे. समजा, दिंडीदरवाजाजवळ एक कारकून बसला आहे. वाड्यातील प्रत्येक बिऱ्हाडाला त्याने एक नंबर दिला आहे. तिसऱ्या बिऱ्हाडातील मुलीने पुण्याच्या दुकानाकडे पुस्तक मागवले. कारकुनाने पत्रावर वाड्याचा पत्ता लिहिला, त्यापुढे आपली एक खूण घातली, आणि ती खूण आपल्या वहीतही टिपून ठेवली की ही तिसऱ्या बिऱ्हाडाची. दुकानदाराला बिऱ्हाडाचे काहीच ठाऊक नाही. त्याने पुस्तक वाड्याच्या पत्त्यावर पाठवले, खुणेसह. कारकुनाने खूण पाहिली, वही उघडली आणि पुस्तक तिसऱ्या बिऱ्हाडात पोचते केले. पाचव्या बिऱ्हाडातील आजोबांनी त्याच दुकानातून पंचांग मागवले असले, तरी घोटाळा होत नाही. त्यांची खूण वेगळी असते.

हॉटस्पॉट चालू असताना फोन हेच कारकुनाचे काम करतो. बाहेरच्या जगाला मोबाइल कंपनीमार्फत एकच पत्ता दिसतो. आत जोडलेल्या प्रत्येक यंत्राला फोन एक खासगी नंबर देतो. कोणी काय मागितले हे तो वहीत टिपावे तसे टिपतो आणि आलेली वस्तू ज्याची त्याला देतो. फरक एवढाच की आपला कारकून दिवसाला पन्नास पत्रे सांभाळील, फोन मात्र सेकंदाला अशा हजारो टिपा सांभाळतो. भाचीचे एक चित्रसुद्धा एका पत्रात जात नाही. त्याचे शेकडो लहान तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता लिहिला जातो, आणि वाईला पोचल्यावर ते पुन्हा जुळवले जातात. एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवताही येतो. समोरासमोरच्या बोलण्यात मात्र तेवढा वेळ नसतो. मग बोलणाऱ्याचा चेहरा मध्येच चौकटी चौकटींचा होतो. तुम्ही हे पाहिले आहे ना?

एवढे काम करायचे म्हणजे फोनला श्रम पडतात. एका बाजूने मनोऱ्याशी बोलायचे, दुसऱ्या बाजूने संगणकाशी. दोन्हींकडे लहरी पाठवायला वीज लागते. त्यामुळे हॉटस्पॉट चालू असताना फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. बहिणीने चार्जर बरोबर घेतला, हे फार शहाणपणाचे झाले. गरम झालेला फोन उशीखाली किंवा दप्तरात कोंबून ठेवू नये. उघड्या टेबलावर ठेवावा. सस्काटूनला याच्या उलट तऱ्हाही होते. हिवाळ्यात फोन बाहेर काढला तर थंडीने बॅटरी इतकी मंदावते की पुरेशी भरलेली असूनही फोन बंद पडतो. म्हणून तेथील लोक बाहेर जाताना फोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवतात.

वायफायशिवाय आणखीही वाटा आहेत. फोन चार्ज करण्याच्या तारेने तो संगणकाला जोडला, तरी इंटरनेट देता येते. यात लहरी पसराव्या लागत नाहीत आणि फोनला संगणकाकडून वीजही मिळते. ब्लूटूथनेही जोडता येते, पण त्याचा वेग कमी असतो. चित्रे दाखवायची असली तर ते कामाचे नाही.

या लहरी मोठ्या गंमतीच्या असतात, बरे का! वायफायच्या एका प्रकारच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा हेलकावतात. आपल्याला त्या दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. घरातील पातळ भिंतींमधून त्या पार जातात. जाड दगडी भिंत आली की दुबळ्या होतात. वाईच्या वाड्यात माजघरात वायफाय लागत नाही ते यामुळेच. पेशवाईत वाडे बांधणाऱ्यांना हे कोठून ठाऊक असणार! स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीतही जवळजवळ तशाच लहरी असतात. भट्टी चालू असताना तिच्याजवळ बसून वायफाय वापरले तर ते अडखळू शकते. अदृश्य लहरी भिंतीपलीकडे जातात हे आपल्या देशातील एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी लोकांना दाखवले होते. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याला अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखवली. तेव्हा ना संगणक होता, ना मोबाइल. वायफायचे नियम ठरले ते १९९७ साली आणि त्याला वायफाय हे नाव मिळाले १९९९ साली. साध्या स्मार्टफोनवर एका बटणासरशी हॉटस्पॉट सुरू करण्याची सोय तर २०१० व २०११ या वर्षांत आली.

मनोऱ्याच्या लहरी वायफायच्या लहरींहून पुष्कळ लांब जातात. पण वाटेत डोंगर आला तर त्यांनाही अडथळा होतो. सस्काटूनच्या आजूबाजूला मैलोगणती सपाट शेते आहेत. गहू, मोहरीसारखे पीक आणि मसूर यांची ती शेते. तेथे डोंगराची अडचण नाही. अडचण आहे ती अंतराची. एका शेतावरचे घर दुसऱ्या शेतावरच्या घरापासून दूर असते. थोड्या घरांसाठी मनोरे किती उभारायचे आणि तारा किती लांब ओढायच्या? टेलिफोन आला तेव्हाही हाच प्रश्न पडला होता. म्हणून त्या प्रांताच्या सरकारने १९०८ साली टेलिफोनचे काम स्वतःच हाती घेतले. आजही तेथे प्रांत सरकारच्या मालकीची टेलिफोन कंपनी आहे.

आपल्याकडे सह्याद्रीची अडचण आहे. खोऱ्यातल्या गावाला लहरी पोचत नाहीत, डोंगरावर चढले की पोचतात. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा आणि महाविद्यालये बंद होती. शिकवणे फोनवरून आणि संगणकावरून चालले होते. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीच्या घरी मोबाइलच्या लहरी येत नव्हत्या. ती रोज डोंगरावर जाऊन बसे. तेथे लहरी मिळत. पावसाळा आला तेव्हा तिच्या भावांनी डोंगरावर तिला एक लहानशी झोपडी बांधून दिली. त्या झोपडीत बसून तिने अभ्यास केला. वर्तमानपत्रांत ही बातमी आली आणि मग तिच्या घरापर्यंत इंटरनेट नेण्यात आले. मी ही बातमी माझ्या वर्गातील मुलांना वाचून दाखवली होती. एका मुलाने विचारले, "बाई, तिने हॉटस्पॉट का नाही लावलं?" आता तुम्हीच त्याला उत्तर द्या. फोनलाच मिळत नसेल, तर तो संगणकाला काय देणार?

कॅनडातही एकदा असेच घडले. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या तेथील मोठ्या कंपनीचे जाळे बंद पडले. जाळ्यात काही बदल करताना चूक झाली होती. कंपनीचे एक कोटीहून अधिक ग्राहक अडचणीत आले. ज्यांच्या घरी या कंपनीची तार होती आणि फोनही याच कंपनीचा होता, त्यांच्या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या, कारण दोन्ही वाटा शेवटी कंपनीच्या एकाच मुख्य जाळ्यातून जात होत्या. अशांनी हॉटस्पॉट सुरू करूनही काही उपयोग नव्हता. देशभर दुकानांत पैसे देण्याची कार्डे चालेनात. काहींना तातडीची मदत मागण्यासाठी फोन लावणेही कठीण झाले. शेजारी दुसऱ्या कंपनीचा फोन असेल, तर मात्र त्याच्या हॉटस्पॉटवर काम भागत होते. माझ्या बहिणीने तेव्हापासून घरची तार एका कंपनीची आणि फोन दुसऱ्या कंपनीचा ठेवला आहे. त्या जानेवारीच्या रात्री तेच उपयोगी पडले.

आता खर्चाचे सांगते. फोनवरचे इंटरनेट मोजून मिळते. महिन्याला किंवा दिवसाला इतके, असे ठरलेले असते. त्याचे माप जीबी हे आहे. एका जीबीत फोनने काढलेली सुमारे तीनशे छायाचित्रे मावतात. समोरासमोर पाहत तासभर बोलले, तर साधारण एक जीबी लागतो. चित्र अधिक स्पष्ट असेल तर त्याहूनही अधिक. नुसते निरोप लिहिले तर फारच थोडे लागते. संगणकाला मात्र हे ठाऊक नसते. त्याला वाटते, आपण नेहमीच्या घरच्या तारेलाच जोडलेले आहोत. त्या रात्री ओवाळणे चालू असतानाच भाचीच्या संगणकाने मागच्या मागे स्वतःची दुरुस्ती मागवायला सुरुवात केली! बाबांच्या लक्षात आले म्हणून बरे. हे जोडणे मोजून मिळणारे आहे, असे संगणकाला सेटिंग्जमध्ये सांगता येते. मग तो अशी मोठी कामे पुढे ढकलतो.

आणि पासवर्ड कशाला? तो नसेल तर रस्त्यावरून जाणारा कोणीही आपल्या फोनला जोडून घेईल. आपले मोजलेले इंटरनेट संपवील. शिवाय कारकुनाच्या वाड्यात अनोळखी माणूस शिरला, तर तो दुसऱ्या बिऱ्हाडांत डोकावणार नाही कशावरून? म्हणून पासवर्ड निदान आठ अक्षरांचा असावा लागतो. स्वतःचे नाव किंवा एकापुढे एक आकडे ठेवले तर ते कोणीही ओळखेल. बसस्थानकावर किंवा बाजारात एखादे बिनपासवर्डाचे अनोळखी नाव यादीत दिसले, तर फुकट मिळते म्हणून त्याला जोडून घेऊ नये. तो कारकून कोणाचा, हे आपल्याला ठाऊक नसते. मोठ्यांच्या फोनवरचे हॉटस्पॉट लावायचे तर त्यांना विचारूनच लावावे. काम झाले की बंद करावे.

जुलैमध्ये भाचीच्या शाळेला सुट्टी लागली आणि ती वाईला आली. कृष्णेला पूर आला होता. एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि वीज गेली. वाड्यातला राउटर बंद पडला. भाचीला सस्काटूनला बाबांशी बोलायचे होते आणि गणपतीच्या घाटाची काढलेली चित्रे दाखवायची होती. चित्रे तिच्या संगणकात होती. संगणकाच्या बॅटरीत अजून तासाभराची वीज शिल्लक होती.

"आजी, तुझा फोन देतेस?" तिने विचारले.

आजीने कमरेच्या पिशवीतून फोन काढून दिला. भाचीने हॉटस्पॉट लावले. नाव घालायच्या जागी तिने मराठीत लिहिले, "आजीचा वाडा". मग तिने ओसरीच्या कठड्यावर फोन ठेवला. तेथे दांड्या पूर्ण भरत होत्या.

आजी कंदील घेऊन जवळ आली. "आणि परवलीचा शब्द काय ठेवलास गं?"

भाचीने इकडे तिकडे पाहिले. मी ऐकत होते. मग तिने आजीचा कान आपल्याकडे ओढला आणि हळूच सांगितले. आजी हसायलाच लागली. मला काही त्यांनी तो अजून सांगितलेला नाही.